गाडी परदेशातली, हिशेब घरचा

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मुंबईच्या गोदीत उतरलेला माल कस्टम्समधून सोडवून द्यायचा, हा माझा अनेक वर्षांचा धंदा. यंत्रं आली, औषधं आली, खेळणी आली, एकदा तर कुणाची तरी जुनी पेटी-तबल्याची जोडीही आली. पण माझ्या टेबलासमोर बसून सर्वांत जास्त निराश होऊन कोण उठून गेलं असेल, तर परदेशातून स्वतःची मोटरसायकल घरी आणायला निघालेली तरुण मुलं. आता मी निवृत्त आहे. तरी ओळखीपाळखीतून फोन येतातच. गेल्या हिवाळ्यात असाच एक आला, मस्कतहून. मुलगा आमच्या संगमेश्वरकडचा. सहा वर्षं तिथं नोकरी करून कायमचा परत येणार होता.

"काका, माझी गाडी घेऊन येऊ ना? जहाजाचं भाडं विचारलंय, फार नाहीये."

त्याची गाडी म्हणजे साडेसहाशे सीसीची जपानी मोटरसायकल. स्वतःच्या कमाईतून घेतलेली पहिली मोठी वस्तू. सुट्टीच्या दिवशी मस्कतहून सूरपर्यंत समुद्राच्या कडेकडेनं तो ती चालवत जायचा. ती विकायची म्हटलं की त्याच्या पोटात गोळा यायचा. हे मी समजू शकतो. पण त्यानं पहिला प्रश्न विचारला तो जहाजाच्या भाड्याचा, आणि शंभरातले नव्वद जण नेमके इथेच फसतात. भाडं हा या सगळ्या खर्चातला सर्वांत लहान आकडा असतो. जहाज कंपनीला भाडं दिलं म्हणजे गाडी घरी आली, असं वाटतं. प्रत्यक्षात ती फक्त बंदरावर आलेली असते.

म्हणून आज तुमच्याशी बोलताना मी हिशेबाचा क्रम बदलणार आहे. आधी गाडी येऊ शकते का ते पाहू. मग सरकार तिची किंमत किती धरतं ते. मग कर. आणि शेवटी, इथं आल्यावर ती रस्त्यावर चालेल का ते.

आधी परवानगी, मग पैसे

पहिली गोष्ट म्हणजे एक गोड गैरसमज दूर करू. परदेशात काही वर्षं राहून कायमचं परतणाऱ्या माणसाला घरगुती सामानावर सवलत मिळते. फ्रीज, धुलाई यंत्र, मायक्रोवेव्ह वगैरे. लोकांना वाटतं, मोटरसायकल हीसुद्धा घरातलीच वस्तू. कस्टम्सला तसं वाटत नाही. वाहन हे सामानात धरलं जात नाही. परतणाऱ्या माणसासाठी आयात धोरणात वेगळी वाट ठेवण्यात आली ती दोन अटींवर. एक, तो सलग दोन वर्षं बाहेर राहिलेला असावा आणि दुसरी, गाडी तिकडे किमान वर्षभर त्याच्या ताब्यात असावी. आणि ही वाटसुद्धा पूर्ण शुल्क भरूनच. म्हणजे दार उघडं आहे, पण तिकीट फुकट नाही.

दुसरी गोष्ट, गाडी नवी की वापरलेली. कायद्याच्या दृष्टीनं नवी म्हणजे परदेशात जिची नोंदणी झालेली नाही, जी कुणाला विकलेली वा भाड्यानं दिलेली नाही, अशी. एकदा तिकडची नंबर प्लेट लागली की ती वापरलेली. मग ती दोनशे किलोमीटर चाललेली असो की वीस हजार. आपल्या मंडळींच्या गाड्या अर्थातच या दुसऱ्या गटात पडतात.

वापरलेल्या वाहनांसाठीचे नियम २००१ साली आले. त्या वर्षी आयातीवरची संख्यात्मक बंधनं उठली आणि जगभरची जुनी वाहनं आपल्याकडे येऊन पडतील अशी भीती निर्माण झाली. जपान, युरोपात चार-पाच वर्षांत माणसं गाड्या बदलतात. तो भंगार माल स्वस्तात इथं ओतला गेला असता तर इथल्या कारखान्यांचं आणि हवेचं, दोन्हींचं वाटोळं झालं असतं. म्हणून दार उघडलं, पण उंबरठा उंच केला.

तो उंबरठा असा. वापरलेली गाडी तयार होऊन तीन वर्षांहून जास्त काळ झालेला नसावा. ती फक्त मुंबई बंदरातूनच आली पाहिजे. कोचीला घर जवळ आहे म्हणून कोचीला उतरवतो, हे चालत नाही. पुढची किमान पाच वर्षं ती रस्त्यावर चालण्याजोगी असली पाहिजे. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. इंग्लंड-अमेरिकेतल्या गाडीचा मैलांमध्ये असतो. आणि हेडलाइटचा झोत डाव्या बाजूनं चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. मोटरसायकलला उजवं-डावं स्टिअरिंग नसतं म्हणून लोक निर्धास्त असतात. पण ओमानमध्ये, दुबईत, अमेरिकेत वाहतूक उजवीकडून चालते. तिथला दिवा आपल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतो. म्हणजे दिव्याचा संच बदलणं आलं.

यातली तीन वर्षांची अट नीट ऐका, कारण तिच्यात सगळ्यांत जास्त माणसं अडकतात. तीन वर्षं मोजायची ती गाडी तयार झाल्याच्या तारखेपासून. तुम्ही विकत घेतल्याच्या तारखेपासून नव्हे. गाडी कारखान्यातून निघते, जहाजातून तिकडे जाते, शोरूममध्ये काही महिने उभी राहते आणि मग तुम्ही ती घेता. तुमच्या पावतीवर एक तारीख असते आणि गाडीच्या मानेजवळच्या पट्टीवर दुसरी. कस्टम्सचा अधिकारी पावतीपेक्षा पट्टीवर विश्वास ठेवतो.

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांची गाडी आधीच जहाजावर चढलेली. पावतीप्रमाणे दोन वर्षं नऊ महिने. कारखान्याच्या नोंदीप्रमाणे तीन वर्षं दोन महिने. या पाच महिन्यांनी त्यांचा घात केला. तीन वर्षांपुढची गाडी म्हणजे सरकारच्या खास परवान्याशिवाय येऊ न शकणारा माल. असा माल आला तर तो जप्त होऊ शकतो. तो सोडायचा झाल्यास दंड भरून सोडायचा, की परत पाठवायला लावायचा, हे अधिकाऱ्याच्या निर्णयावर असतं. त्यांनी शेवटी काय केलं ते पुढं सांगतो.

किंमत तुम्ही नाही, कस्टम्स ठरवतं

आता धरून चालू की गाडी नियमात बसते. मग प्रश्न येतो, कर कशावर?

मस्कतच्या मुलानं मला विचारलं, "मित्राकडून एखादी कमी रकमेची पावती करून घेतली तर?" मी त्याला म्हटलं, बाबा, ही युक्ती तुझ्या आधी हजारोंनी करून पाहिली आहे. वापरलेल्या गाडीची पावती कस्टम्स फारशी विचारातच घेत नाही. ते वेगळ्या बाजूनं चालतात. ही गाडी ज्या वर्षी बनली, त्या वर्षी ती नवी असताना तिची किंमत काय होती, ते आधी काढतात. त्यातून घसारा वजा करतात.

घसाऱ्याचं कोष्टक ठरलेलं आहे. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के, तिसऱ्या वर्षी अडीच टक्के, चौथ्या वर्षापासून पुढं २ टक्के. एकूण घसारा जास्तीत जास्त ७० टक्के. म्हणजे एक वर्ष झालं की १६ टक्के उतरले, दोन वर्षं झाली की २८, आणि पूर्ण तीन वर्षं झाली की ३८. बाजारात दोन वर्षांची मोटरसायकल कदाचित निम्म्या किमतीला जाईल. कस्टम्सच्या कोष्टकात ती अजून ७२ टक्के किमतीची असते. या फरकावरही तुम्ही कर भरता.

घसारा वजा झाल्यावर जी किंमत उरते तिच्यात जहाजाचं भाडं आणि विमा मिळवायचा. भाड्याची पावती नसेल तर गाडीच्या किमतीच्या २० टक्के भाडं धरतात आणि विम्याची नसेल तर सव्वा टक्क्याच्या जरा खाली, १.१२५ टक्के. भाडं खरोखर कमी असेल तर त्याची पावती जपून ठेवा, एवढा याचा अर्थ. परकी चलनाचे रुपये करताना दर बँकेचा नाही, कस्टम्सनं जाहीर केलेला लागतो.

करांची उतरंड

आपल्याकडे मडक्यांची उतरंड असते. एकावर एक. वरचं मडकं जमिनीवर नाही, खालच्या मडक्यावर उभं असतं. आयात कराचं अगदी तसंच आहे. दुसरा कर गाडीच्या किमतीवर लागत नाही. तो गाडी अधिक पहिला कर, या बेरजेवर लागतो. टक्के वाचून माणूस मनात जी बेरीज करतो ती चुकते ती याचमुळे.

वापरलेल्या मोटरसायकलवर मूळ सीमाशुल्क १०० टक्के आणि त्यावर सामाजिक कल्याण अधिभार १०, असे मिळून ११० टक्के होत असत. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क ७० टक्क्यांवर आलं. वर्तमानपत्रात ते वाचून मला दोघातिघांचे आनंदाचे फोन आले. पण त्याच वेळी कृषी पायाभूत सुविधांसाठीचा ४० टक्के उपकर जोडला गेला आणि अधिभार गेला. मडक्यांवरची नावं बदलली, उंची तीच राहिली. ११० टक्के.

या सगळ्याच्या वर येतो जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींना १८ टक्के आणि त्यावरच्या इंजिनाला ४० टक्के असा तो लागू झाला. त्याआधी सगळ्यांना २८ होता आणि ३५० सीसीच्या वर ३ टक्के उपकर. म्हणजे लहान गाडीला दिलासा मिळाला, मोठीचं ओझं वाढलं.

आता मस्कतच्या गाडीचा हिशेब मांडू. आकडे सोपे धरतो. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

नवी असतानाची किंमत, रुपयांत, ६,००,०००. तयार होऊन दोन वर्षं झाली. २८ टक्के घसारा म्हणजे १,६८,००० वजा. उरले ४,३२,०००. भाडं आणि विमा मिळून ३८,००० धरू. झाले ४,७०,०००. हा आपला पाया.

यावर ११० टक्के, म्हणजे ५,१७,०००. बेरीज ९,८७,०००.

या ९,८७,००० वर, नीट ऐका, ४,७०,००० वर नव्हे, ४० टक्के जीएसटी. म्हणजे ३,९४,८००.

एकूण कर ९,११,८००. कस्टम्सच्या फाटकाबाहेर पडताना गाडी पडली १३,८१,८०० ला. म्हणजे पायाच्या रकमेवर १९४ टक्के. जी गाडी नवी असताना सहा लाखांची होती, ती जुनी झाल्यावर पावणेचौदा लाखांच्या वर गेली. आमच्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इथं हिशेब तसाच, पण कोंबडीही आपलीच.

हीच गाडी ३५० सीसीच्या आतली असती, तर जीएसटी १८ टक्क्यांनी १,७७,६६० आला असता आणि एकूण कर ६,९४,६६०. म्हणजे १४८ टक्क्यांच्या आसपास. तरीही गाडीच्या किमतीच्या दीडपट जवळजवळ.

नव्या मोटरसायकलींचं गणित वेगळं. २०१८ च्या फेब्रुवारीपर्यंत ८०० सीसी आणि त्याहून मोठ्या गाडीला मूळ शुल्क ७५ टक्के आणि त्याखालच्या गाडीला ६० टक्के होतं. ते सगळ्यांना ५० झालं. २०२५ च्या अर्थसंकल्पात १६०० सीसीपर्यंत ४० आणि त्यावर ३० टक्के झालं. म्हणजे कंपनीनं कोरी गाडी आणली तर शुल्क कमी आणि तुम्ही वापरलेली आणली तर जास्त. हे उलटं वाटतं, पण हेतू उघड आहे. जुनी गाडी येऊच नये, असं सरकारला वाटतं. दर हे त्या इच्छेचं आकड्यांतलं रूप.

दर दर अर्थसंकल्पात बदलू शकतात आणि देशादेशांतल्या व्यापार करारांनीही बदलतात. म्हणून माझे आकडे पाठ करू नका, रीत लक्षात ठेवा. पाया, त्यावर शुल्क, त्या बेरजेवर जीएसटी.

हापूस आणि हार्ले

या करांमागचं राजकारणही मोठं मजेचं आहे. अमेरिकेची हार्ले-डेव्हिडसन ही मोटरसायकल कैक वर्षं आपल्या बाजारात येऊ पाहत होती आणि आपला आंबा अमेरिकेच्या बाजारात जाऊ पाहत होता. तिकडे आंब्याच्या कोयीतल्या किडीची भीती, इकडे मोठ्या इंजिनांच्या प्रदूषणाचे नियम. २००७ साली दोघांनी एकमेकांची अडचण सोडवली. आपण मोठ्या मोटरसायकलींच्या प्रदूषण मानकांबाबत वाट मोकळी केली आणि अमेरिकेनं किरणोत्सर्जन प्रक्रिया केलेल्या आंब्याला दार उघडलं. त्या वर्षीचा हापूस नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रात प्रक्रिया होऊन अमेरिकेला गेला. कोकणातल्या बागायतदाराच्या पेटीचा आणि अमेरिकेतल्या मोटरसायकलचा असा संबंध असतो. बंदरावर तुमच्या एका गाडीपाशी उभा असलेला अधिकारी ही घासाघीस करू शकत नाही. ती दोन देशांत होते. त्याच्याशी वाद घालून दर कमी होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणखी एक गंमत. आपल्या पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या मोटरसायकली बनतात आणि जगभर जातात. युरोपात शिकायला गेलेला आपला मुलगा तिथं चाकणची केटीएम घेतो. परत येताना म्हणतो, ही तर भारतातलीच, हिच्यावर कसला कर? सीमाशुल्क कायद्यात याचं उत्तर आहे. एकदा निर्यात झालेला भारतीय माल परत आला की तो आयात केलेल्या मालासारखाच धरला जातो. काही सवलती आहेत, पण त्या ठरावीक अटींच्या आहेत. परदेशी शोरूममधून घेऊन, तिकडे नोंदणी करून वापरलेल्या गाडीनं त्या सवलतींवर भरवसा ठेवू नये. माहेरी आलेल्या लेकीला पाहुणी म्हणून वागवावं, तसा हा प्रकार. शिवाय तीच गाडी इथल्या दुकानात कोरी मिळते, कितीतरी स्वस्त.

बंदरातले दिवस मोजून पैसे

कर म्हणजे सगळा खर्च नव्हे. गाडी निघण्याआधी तिकडची नोंदणी रद्द करून निर्यातीचा कागद घ्यावा लागतो. तपासणीचा दाखला लागतो. पेट्रोल काढून टाकायचं, बॅटरीच्या तारा सोडायच्या, लाकडी चौकटीत गाडी घट्ट बांधायची. इकडे उतरल्यावर जहाज कंपनीचे हाताळणीचे पैसे, गोदामाचे पैसे, क्लिअरिंग एजंटची फी. यातली प्रत्येक रक्कम एकेकटी किरकोळ वाटते.

किरकोळ नसते ती दिरंगाई. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा मुख्य कागद, वेळेत दाखल झाला नाही तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि नंतर रोज १०,००० रुपये भरावे लागतात. गोदामाचं भाडं वेगळं चालूच. तीस दिवसांत माल सोडवला नाही तर नोटीस देऊन तो विकण्याचीही कायद्यात तरतूद आहे.

मघाशी सांगितलेल्या गृहस्थांचं हेच झालं. तीन वर्षांवरची गाडी, वर कागद अपुरे. कारखान्याचं पत्र मागवायला वेळ गेला, मग सुनावणी, मग दंडाची भाषा. ते दर आठवड्याला गावाहून यायचे, गोदामाच्या जाळीतून गाडी बघायचे आणि जायचे. पावसाळा सुरू झाला तेव्हा चाकांच्या तारांवर गंज दिसायला लागला. शेवटी दंड, कर आणि गोदाम यांची बेरीज त्यांच्या आवाक्याबाहेर गेली आणि त्यांनी गाडीवर पाणी सोडलं. तेव्हा मी त्यांचा सल्लागार होतो. माझ्याकडे ते महिनाभर आधी आले असते तर मला एकच वाक्य सांगावं लागलं असतं. ते आले तेव्हा जहाज निघालं होतं.

पासिंग झाल्याशिवाय गाडी घरची नाही

समजा, हे सगळं पार पडलं. गाडी ट्रकवर घालून घरी आणली. तरीही ती रस्त्यावर चालवता येत नाही. पासिंग व्हायचंय.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ ही प्रदूषणाची पातळी लागू आहे. तुमची गाडी तिच्यात बसते याचा दाखला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून लागतो. त्यांतली एक पुण्याला आहे, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन. दुसरी नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, लष्कराची वाहनं तपासणारी संस्था. युरोप-जपानची गाडी कदाचित बसेल. पण ज्या देशात नियम सैल आहेत तिथल्या बाजारासाठी बनवलेली तीच गाडी, तेच नाव, तोच रंग असूनही बसेल असं नाही. म्हणून हे कागद गाडी निघण्यापूर्वी जमवायचे. आल्यावर नव्हे.

त्यानंतर आरटीओ. एकरकमी कराचा दर राज्यागणिक आणि इंजिनागणिक वेगळा असतो. पण लक्षात ठेवायचं ते हे की आपल्याकडे आयात गाडीची किंमत धरताना सीमाशुल्कासह ती इथं कितीला पडली ते बघतात. म्हणजे उतरंडीवर आणखी एक मडकं. मग विमा. आणि मग रोजचा प्रश्न, जे मॉडेल इथं विकलंच जात नाही त्याची क्लच प्लेट संगमेश्वरला कोण देणार?

ज्यांना कर लागत नाही

असं ऐकून कुणी म्हणेल, मग पुण्याहून लंडनपर्यंत मोटरसायकलवर जाणारी मंडळी परत येताना काय करतात? त्यांची गाडी इथलीच, इथंच नोंदलेली. ती तात्पुरती बाहेर जाते. अशांसाठी कार्ने नावाची वही असते. मुंबईतली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही अशी वही देणारी जुनी संस्था. वहीच्या प्रत्येक पानाचे तीन भाग. देशात शिरताना एक फाडतात, बाहेर पडताना दुसरा, तिसरा शिक्क्यासह तुमच्याकडे राहतो. ही गाडी या देशात विकली जाणार नाही, परत जाईल, याची ती हमी. एक जरी बाहेर पडल्याचा शिक्का राहिला तर त्या देशाचा कर तुमच्या अनामत रकमेतून जाऊ शकतो. परदेशी पर्यटक आपल्याकडे गोव्यापर्यंत मोटरसायकलवर येतात तेही याच वहीवर, ठरावीक मुदतीसाठी. ती वही कायमचं राहायला येण्यासाठी नाही.

दुसरा अपवाद अतिजुन्या गाड्यांचा. पूर्वी १९५० च्या आधी बनलेली वाहनं परवान्याशिवाय आणता येत. २०२५ साली ती अट पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांपर्यंत सैल झाली. पण इथंही कर माफ नाही. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे अशा गाड्यांना व्हीए अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. ती प्रदर्शनात, रॅलीत न्यायची. रोज कामावर जायला नाही. म्हणजे तीन वर्षांच्या आतली चालते, पन्नासच्या पुढची चालते. मधल्या सत्तेचाळीस वर्षांतल्या गाड्यांनी तिकडेच राहावं.

त्या मुलानं काय केलं

मी हा सगळा हिशेब मस्कतच्या मुलाला फोनवर लिहून घ्यायला सांगितला. शेवटचा आकडा लिहिल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, गाडीपेक्षा कर जास्त आहे." मी म्हटलं, "होय. आता तू ठरव. पैसा असेल आणि गाडीवर तेवढाच जीव असेल तर आण. नियमात बसते, मी मदत करीन. पण जहाजाचं भाडं परवडतं म्हणून आणू नकोस."

त्यानं दोन दिवस विचार केला आणि गाडी तिथल्या एका सहकाऱ्याला विकली. किंमत चांगली आली. परत आला तेव्हा त्याच्या हातात हेल्मेट होतं आणि किल्लीला लावायचं ते चामड्याचं पदक. त्या पैशातले निम्मे त्यानं घराच्या कौलांना लावले. उरलेल्यांतून इथलीच एक मोटरसायकल घेतली. पासिंग रत्नागिरीचं, एमएच ०८. मला घाटातून एक चक्कर मारून आणली.

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, भाचा परदेशात असेल आणि असा फोन करील, तर त्याला एवढंच सांगा. जहाजवाल्याला फोन करण्याआधी गाडीच्या मानेजवळची पट्टी बघ, तिच्यावरची तारीख कागदावर लिही आणि त्या तारखेखाली हिशेब मांडायला घे. बेरीज पाहूनही मन म्हणालं आण, तर खुशाल आण.